रविवारांचा हिशेब

नोटरीची कचेरी उघडायच्या आधीच रोसामेल इन्सुन्सा तिच्या दारावरून चार-पाच चकरा मारून आला होता. चौकात जायचं, बाकावर टेकायचं, टेकतो न टेकतो तोच उठायचं आणि पुन्हा त्या बंद दारापाशी. तोमे गाव एवढंसं, उतारावरचं. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जो भेटेल तो ओळखीचा. भाजीवाल्यानं कारागिराला मारतात तशी हाक मारून विचारलंसुद्धा, "काय मायेस्त्रो, काही हरवलंय का?" रोसामेलनं नुसती मान हलवली. होय म्हणाला की नाही, त्याचं त्यालाच नीटसं कळलं नसावं.

घरूनही तो असाच निघाला होता. बायकोनं, एदुविनानं, चहा पुढे केला तर याचा एक पाय दारात.

"अरे म्हाताऱ्या, त्या खुर्चीला काटे आलेत का? बसून घे की."

"बसलोय."

"बसलाय म्हणे! खुर्ची इथं आणि तू तिथं."

उभं राहायची सवय होती त्याला. वीसेक वर्षं बेलार्मिनो ओर्मासाबालच्या बेकरीत भट्टीपुढे तो उभाच होता. गेल्या महिन्यात बेलार्मिनोचा पुतण्या सान्तियागोहून आला आणि त्यानं कारखान्यात मळलेल्या, बर्फात गोठवलेल्या पिठाच्या गोळ्यांची खोकी आणून टाकली. मळायला नको, फुगायची वाट पाहायला नको. खोकं उघडायचं, भट्टीत सारायचं. रोसामेलनं एक गोळा हातात घेतला, बोटांना गार लागला तसा परत ठेवला. मग एप्रन काढला आणि भट्टीच्या कडीला अडकवला. "बर्फ भाजायला कुणीही चालेल," एवढंच म्हणून तो घरी आला.

त्याची कल्पना अशी, की संध्याकाळपर्यंत बोलावणं येईल. बेलार्मिनो स्वतः येईल, दारात उभा राहून खाकरेल. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मात्र त्यानं रीतसर राजीनामा लिहून पाठवला, आणि पाठवल्यावर त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही तो आजपर्यंत.

आज फारकतीच्या कागदावर सही व्हायची होती. नोकरी संपली की मालकानं आणि कामगारानं नोटरीसमोर यायचं, आता आमचं एकमेकांकडे काही येणं-देणं उरलं नाही यावर सह्या करायच्या, अंगठे उठवायचे, की शेवटचा पगार हातात पडतो. स्वतःहून सोडणाऱ्याला फारसं मिळत नाही. महिन्याचे भरलेले दिवस, न घेतलेली रजा, झालं. मात्र एक सवलत असते. कामगाराला सहीच्या वर स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिता येते, की अमुक बाबतीतले माझे हक्क मी राखून ठेवतो. ती ओळ असली तर पुढे कोर्टाचं दार उघडं राहतं. नसली तर ते कायमचं बंद.

ती ओळ लिहायची की नाही, हेच रोसामेलचं ठरत नव्हतं.

यास्नानं तर फोनवर घोकवून घेतली होती. यास्ना त्याची एकुलती मुलगी, कोन्सेप्सियोनच्या इस्पितळात नर्स. "बाबा, म्हणून दाखव. रविवारच्या कामाच्या मजुरीबाबत... पुढे?"

"माझे हक्क राखून ठेवतो."

"शाब्बास. हे लिहिलं नाहीस तर रविवार गेले. सगळे."

"अगं, पण तो तुझा धर्मपिता आहे."

"म्हणून तर गोडीनं सांगतेय. दुसरा कुणी असता तर मीच आले असते त्याची गचांडी धरायला."

रविवारचं प्रकरण जुनं होतं. रविवारी पाव जास्त खपतो, म्हणून बेलार्मिनोनं त्याला रविवारीही यायला सांगितलं. आणि पहिल्याच महिन्यात म्हणाला, "रविवारचे माझ्याकडे राहू द्या, कोंपाद्रे. एकदम देईन." रोसामेल बरं म्हणाला. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.

कसा विचारणार? ते दोघं एका गल्लीत वाढलेले, बेलार्मिनो थोडा मोठा, पण बोलणं अरे-तुरेचं. यास्नाच्या बाप्तिस्म्याला बेलार्मिनोनं तिला हातावर घेतलं आणि त्या दिवसापासून ते एकमेकांचे कोंपाद्रे झाले. अरे-तुरे गेलं, अहो-जाहो आलं. मुलीचा बाप आणि तिचा धर्मपिता यांच्यात तशीच रीत आहे. मग कोंपाद्रेकडे हिशेब मागायचा म्हणजे जेवायला बोलावणाऱ्याच्या घरातले चमचे मोजण्यासारखं. रोसामेलनं मोजले नाहीत. रविवार जात राहिले.

कचेरी उघडली तशी आत गर्दी झाली. कुणी गाडी विकायला आलेला, कुणी घरभाड्याच्या करारासाठी. रोसामेलनं नंबराची चिठ्ठी घेतली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं बेलार्मिनो आला. अंत्यविधीला घालतो तो काळा कोट, हातात पाकीट. बाकावर एका म्हातारीशेजारी जागा होती, तिथं तो बसला आणि दुसऱ्यासाठी जागा ठेवून सरकला. इतकी वर्षं बेकरीच्या पायरीवर असाच सरकत आला होता. रोसामेलला बसावं लागलं.

"आलात," बेलार्मिनो म्हणाला.

"आलो."

"नंबर?"

"घेतलाय. एकच घेतला."

"एकच पुरे. कागद तरी कुठं दोन आहेत?"

खिडकीतली बाई नंबर पुकारत होती आणि दर पुकाऱ्याला रोसामेल अर्धा उठत होता. शेवटी बेलार्मिनोच उठून बाहेर गेला आणि कागदात गुंडाळलेल्या दोन गरम सोपाइपिया घेऊन आला. भोपळा घालून मळलेल्या पिठाच्या त्या तळलेल्या पुऱ्यांवर पातळ लाल तिखट ओतलेलं.

"घ्या."

"भूक नाही."

"या वेळेला तुम्हाला भूक असते. मला शिकवता?"

"तुमच्या पैशांचं नको."

"मग हिशेबात धरू या. त्या बाईला सांगतो, खाली एक ओळ वाढव. सोपाइपिया एक, तिखटासकट."

शेजारची म्हातारी फिसकन हसली. "खा रे बाबा," ती रोसामेलला म्हणाली, "मालक लोक सोडताना देतात ते घ्यावं. बांधून ठेवताना काही देत नाहीत."

रोसामेलनं ती उभ्यानं खाल्ली. तिखट हनुवटीवर ओघळलं. बेलार्मिनोनं न बोलता रुमाल पुढे केला, तो त्यानं घेतला नाही, बाहीनं पुसलं.

"ओळ लिहिणार आहात म्हणे," बेलार्मिनो हळूच म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"कोमाद्रे एदुविना. म्हणजे मला नाही, माझ्या बहिणीला. म्हणजे गावाला."

"मला तसा अधिकार आहे."

"मी कुठं नाही म्हणतोय? कशाबद्दल लिहिणार, एवढंच विचारतोय."

"रविवार."

"कोणते रविवार?"

रोसामेलचा आवाज चढला. "कोणते? कोणते रविवार म्हणून मला विचारता?"

"हळू बोला. रविवारचे मी दिलेत, कोंपाद्रे."

"कधी?"

"यास्नाच्या नर्सिंगची फी कुणी भरली?" बेलार्मिनोची नजर समोरच्या भिंतीवर होती. "दर वर्षी मार्चमध्ये बँकेच्या रांगेत कोण उभं राहायचं?"

रोसामेलच्या डोळ्यांपुढे तो पहिल्या वर्षीचा मार्च आला. यास्नाला प्रवेश मिळालेला, फीचा आकडा ऐकून एदुविना ओट्याला टेकून रडतेय, आणि बेलार्मिनो आत येतो, शिक्का मारलेली पावती टेबलावर ठेवतो. "पोरीचं झालं," म्हणतो. रोसामेलनं त्याला मिठी मारली होती. यास्ना त्याच्या गळ्यात पडली होती. तेव्हापासून बेलार्मिनोच्या वाढदिवसाला हजार पापुद्र्यांचा केक त्या घरी जायचा. करायचा रोसामेल, घेऊन जायची यास्ना. दोन हिवाळ्यांमागे बेलार्मिनोला न्यूमोनिया झाला तेव्हा आपली पाळी संपवून ती त्याच्या खाटेशी बसून राहायची. बेलार्मिनोला मूलबाळ नव्हतं, बायको कधीच गेलेली. वॉर्डात तो सगळ्यांना सांगायचा, ही माझी धर्मकन्या, हिला मी शिकवलं.

"ती भेट होती," रोसामेल म्हणाला.

"मी म्हणालो होतो भेट?"

"मजुरी आहे असंही नव्हतं म्हणालात."

"तुम्ही विचारलंत?"

"तुम्हाला? कोंपाद्रेला पैशांचं विचारू?"

"मग मी तरी कसं सांगू? तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. तेव्हा म्हणायचं होतं का, थांबा, रडू नका, हे तुमचेच पैसे आहेत?"

"हो! तेव्हाच म्हणायचं होतं."

"आता वाटतं सोपं."

रोसामेल बाहेर गेला. पायऱ्या उतरून चौकाच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तसाच परत फिरला, कारण नंबर येईल अशी भीती, आणि आत गेला तर बसावं लागेल हीही भीती. डोक्यात एकच चक्र. मजुरी होती असं धरलं तर मुलीला आपणच शिकवलं. किती वर्षं ही एकच गोष्ट त्याला खात होती, की बाप असून आपल्याच्यानं झालं नाही, दुसऱ्यानं केलं. आनंद व्हायला हवा होता. पण मग ते सगळे केक? खाटेशी बसलेली यास्ना? ते 'हिला मी शिकवलं'? पैसे आपले आणि आभार तिकडे जमा. आणि भेट होती असं धरलं तर रविवार अजून येणे आहेत, आणि मग ओळ लिहायला काहीच हरकत नाही. एकाच पैशाला दोन नावं कशी राहतील? आजपर्यंत राहिली होती, कारण दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं.

तो आत आला तेव्हा त्यांच्या आधीचा नंबर पुकारला जात होता. बेलार्मिनो पाकीट गुडघ्यावर धरून बसला होता.

"एक काय ते सांगा," रोसामेल त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला. "भेट होती म्हणा, मी ओळ लिहितो. मजुरी होती म्हणा, मी कोरी सही करतो, एक अक्षर लिहीत नाही. कोर्ट नाही, काही नाही. पण मग आज संध्याकाळी चहाला घरी यायचं आणि यास्नाला तुमच्या तोंडानं सांगायचं, की ती तिच्या बापाच्या रविवारांवर शिकली."

बेलार्मिनोनं वर पाहिलं. "तिला कशाला मध्ये?"

"तीच तर मध्ये आहे."

"ती काय म्हणेल?"

"म्हणायचं ते म्हणेल."

"केक आणणार नाही."

"केक मी करतो. पाठवीन तुम्हाला."

"तसा नको," बेलार्मिनो म्हणाला.

शेजारची म्हातारी आता हसत नव्हती. तिनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि दुसरीकडे पाहायला लागली. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला.

खिडकीतल्या बाईनं ओळखपत्रं घेतली, कागद पुढ्यात ओढला आणि बाजारात भाव सांगावेत तशी भराभर वाचू लागली. स्वेच्छेनं नोकरी सोडली, इतके दिवस, इतकी रजा. "...आणि मालकाकडून मला कोणत्याही कारणानं काहीही येणं उरलेलं नाही असं जाहीर करतो. बरोबर?"

रोसामेलनं मान वळवून बेलार्मिनोकडे पाहिलं.

"मायेस्त्रो, बरोबर का? मागे माणसं उभी आहेत."

"यांना विचारा."

"यांना काय विचारू? येणं तुमचं. यांचं नाही."

"तरी यांना विचारा."

बाईनं चष्मा वर सरकवला आणि एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. "हे बघा, नवरा-बायकोचं असलं काही असेल तर ती खिडकी पलीकडे आहे."

रांगेत कुणीतरी हसलं. बेलार्मिनोनं पाकीट उघडलं, चेक बाहेर काढला, परत आत सारला. त्याचे कान लाल झाले होते. काही क्षण असं वाटलं, की तो पाकीट घेऊन सरळ चालू लागेल. पुतण्यानं त्याला बजावलं असणारच, की ओळ लिहिली तर चेक परत आण.

"भेट होती," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" बाईनं विचारलं.

"तुम्हाला नाही. लिहा, कोंपाद्रे. ती भेट होती. लिहा तुमची ओळ."

रोसामेलनं त्याच्याकडे पाहिलं. हे उत्तर त्यानं धरलंच नव्हतं. बेलार्मिनो पैशांचा घट्ट, खोक्याच्या सुतळ्यासुद्धा सोडवून ठेवणारा माणूस; तो मजुरी म्हणेल आणि सुटेल अशीच त्याची खात्री होती. मनात कुठंतरी संध्याकाळच्या चहाची तयारीसुद्धा झाली होती, टेबलाशी कोण कुठं बसेल, यास्नाला लावलेला फोन कुणाच्या हातात असेल.

"नीट विचार केलात?" त्यानं विचारलं.

"लिहायला आला होता ना? मग लिहा. लोक खोळंबलेत."

पेन दोरीला बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती. रोसामेलला वाकून लिहावं लागलं. पीठ मळून जाड झालेली बोटं पेनाभोवती नीट बसेनात. रविवारच्या कामाच्या मजुरीबाबत, इथपर्यंत आलं आणि हात थांबला. थांबवला नव्हता, थांबला. शेजारी बेलार्मिनोचा जोरजोरात श्वास ऐकू येत होता. मग उरलेलं त्यानं एका दमात लिहून टाकलं. अक्षरं उतारावरच्या घरांसारखी खाली घसरत गेली.

बाईनं ते वाचलं आणि बेलार्मिनोकडे वळली. "यांनी हक्क राखलेत. बरेच मालक अशा वेळी चेक परत नेतात. तुमचं काय?"

"देतोय."

"मग इथं सही, इथं अंगठा. तुम्हीही."

शाईचा अंगठा पुसायला तिनं कागदाचा एकच तुकडा दिला. बेलार्मिनोनं तो मधोमध फाडून अर्धा रोसामेलला दिला.

बाहेर ऊन पडलं होतं. दोघं पायऱ्यांवर थांबले. घाई दोघांनाही असल्यासारखी, पण आधी कुणी निघेना.

"खटला करणार?" बेलार्मिनोनं विचारलं.

"यास्ना करेल. मला त्यातलं काय कळतं."

"मग कागद घेऊन तिलाच पाठवा. वकील-बिकील नको. ती आली तर घरी बसू, बोलू."

"कोर्टात सांगा ना फीचं. पावत्या असतील तुमच्याकडे."

"भेट होती म्हटलं ना एकदा," बेलार्मिनो चिडून म्हणाला. "भेटीच्या पावत्या दाखवत फिरतात का लोक?" आणि रस्ता ओलांडून आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसला.

रोसामेल बसच्या थांब्यावर आला. चेक वरच्या खिशात होता, पुन्हा पुन्हा हात तिकडे जात होता. फोन वाजला.

"लिहिलंस?" यास्ना. मागे इस्पितळाचे आवाज, चाकं, कुणीतरी कुणाला हाका मारतंय.

"लिहिलं."

"खरंच? बाबा! मला वाटलं तू कच खाणार. चेक?"

"दिला त्यानं."

"दिला? आणि चिडला नाही पाद्रीनो?" धर्मपित्याला ती लहानपणापासून पाद्रीनोच म्हणायची.

"नाही. म्हणाला, लिहा."

फोनवर ती हसली, मग हसताना तिचा आवाज ओलसर झाला. "बघ. माणूस मनानं मोठाच आहे. तो पुतण्याच भिकारडा. हे बघ बाबा, केस ती केस. रविवार मी सोडणार नाही. पण पाद्रीनोनं माझ्यासाठी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तूही मनात काही ठेवू नकोस. ठेवणार नाहीस ना?"

पलीकडे बेलार्मिनोची गाडी तशीच उभी होती. तो अजून निघाला नव्हता. काचेतून त्याचं तोंड इकडे होतं, आणि फोनवर कोण आहे हे त्याला सांगायची गरज नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं, की तुझी फी माझ्या रविवारांनीच भरली. रोसामेलच्या जिभेवर ते आलंही. मुलगी ऐकतेय, जागच्या जागी खरं-खोटं होऊन जाईल. पण ते वाक्य त्या माणसानं आत्ताच, सगळ्यांसमोर, पैसे मोजून विकत घेतलं होतं, आणि विकणारा आपणच होतो.

"बाबा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"काही सांगायचंय का?"

"नाही," तो म्हणाला. "काही नाही. तू जेवलीस का?"

"इतक्या लवकर? काय झालंय तुला?" ती हसली, कुणीतरी तिला बोलावलं, फोन बंद झाला.

बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. "चला मायेस्त्रो, चढता ना?"

रोसामेलनं पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. "जा तू," म्हणाला. बस निघून गेली तेव्हा समोरची गाडीही निघाली होती. त्याला हवं ते सगळं मिळालं होतं. खिशात चेक, कागदावर ओळ, आणि आता रविवारही मिळतील, एकदा मिळाले होते ते पुन्हा. तो चढणीनं चालू लागला, घाईघाईनं, कुणी वाट पाहत असल्यासारखा. घराकडे वळायची गल्ली आली तरी त्याचे पाय थांबले नाहीत.